पंचेचाळीस ग्रॅम

ट्रेडेगरच्या घड्याळापासून चार दारं सोडून,
बंद पडलेल्या बँकेच्या जागेत माझं दुकान.
काउंटरवर काचेची बरणी,
बरणीत मेलेल्या बॅटऱ्या,
शेजारी आईचा पिठाचा काटा.

मॅक्सेन येतो, भिजलेला.
या दरीत कोरडं कोण येतं?
खिशातून काढतो किल्ल्या, दोन नाणी,
आणि बाजारातून स्वस्तात आणलेली जांभळी बॅटरी,
सगळं एकाच मुठीत.
मी म्हणते, मूठ उघड. हळू.

"नऊ हजार नऊशे," तो म्हणतो. "बघ, छापलंय."
छापलंय खरं. बोलाचाच भात.
अरे, अंगठ्याएवढी ही नळी,
साडेतीन हजारांच्या पुढे जाताना
भल्याभल्या कारखान्यांना धाप लागते.
काट्यावर ठेवते.
एकतीस.
मग माझ्याकडची, पावतीची, ठेवते.
पंचेचाळीस, वर केसभर.
आम्ही दोघं सुईकडे बघत राहतो,
जणू आता ती कुणाचं तरी नाव घेणार.

किती साठतं ते नंतर विचार.
तुझी कॉइल आहे अधाशी,
आधी विचार एका दमात किती देते,
आणि देत राहिली तर किती वेळ तापत नाही.
क्षणभराचा आकडा ठळक छापतात,
रोजचा बारीक अक्षरात.
माझा पहिला नवरा असाच होता.

आणि हे बघ, टोकाशी कव्हर फाटलंय,
नखाएवढं.
"एवढंच?" म्हणतो.
एवढंच. पण हिचं अंगभर ऋण आहे, मॅक्सेन,
आणि डोक्यावर टिकलीएवढं धन.
मध्ये कागदाची एक चकती आणि हे पातळ प्लास्टिक.
तुझ्या घराची किल्ली बरोबर तिथे टेकली
की मांडीवर भट्टी पेटली.

माझे वडील खाणीवर दिव्यांच्या खोलीत होते.
माणूस खाली उतरण्याआधी
त्याचा दिवा वडिलांच्या हातून जायचा.
काच, जाळी, कुलूप.
कडेकडेनं फुंकर मारून बघायचे,
ज्योत हलली तर दिवा परत.
रांगेतले शिव्या द्यायचे.
घरी आल्यावर ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत,
फक्त जेवताना मिठाच्या बरणीचं झाकण
दोनदा दाबून बघायचे.

मध्येच दार वाजतं. डिल्विन.
चाळीस वर्षं सिगारेट, आता आंब्याचा धूर.
त्याच्या यंत्रात दोन बॅटऱ्या लागतात,
दोन वर्षांपूर्वी मीच दोन्हींवर
एकाच पेननं एकच तारीख लिहिली होती.
"एकच दे, एलुनेड. दुसरी चांगली आहे अजून."
नाही देता येत. जोडीनं घ्यायची,
जोडीनं भरायची, जोडीनंच काढायची.
जुनी नवीच्या ओझ्यानं दमते, उलटीही पडते कधी.
तो चांगली असलेली बॅटरी बोटांत फिरवत राहतो.
मार्चमध्ये मी त्याच्या बायकोच्या दफनाला गेले होते.
मला वेगळे शब्द सापडायला हवे होते.
"बरं," म्हणतो, "दोन दे मग,"
आणि जुनी, चांगली असलेली,
बरणीत न टाकता वरच्या खिशात ठेवतो.
मी तिच्या टोकांना टेप लावून देते, आणि गप्प बसते.

मॅक्सेनकडे नऊ पौंड निघतात.
बॅटरी अकराची.
राहू दे, शुक्रवारी दे.
वर प्लास्टिकची डबी फुकट,
किल्ल्या एका खिशात, डबी दुसऱ्या.
जांभळीच्या दोन्ही टोकांना टेप लावते,
अंगावर लिहिते ३१,
आणि बरणीत सोडते. आवाजही हलकाच येतो.

दारातून वळून विचारतो,
"रात्री चार्जला लावून झोपलो तर चालेल ना?
सोफ्यावर?"

मी काटा पुन्हा शून्यावर आणते.
इकडे ये, म्हणते. बस.